कोकणात राहून शैक्षणिक कर्जदारांसाठी इंटर्नशिप करता येते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही रत्नागिरीत तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. अमेरिकेत शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांच्या बाजूने लढणाऱ्या संस्था उन्हाळ्यात कायद्याच्या विद्यार्थ्यांना कामाला घेतात, असं तुमच्या वाचनात आलं. घरात मोठ्या भावाचं इंजिनिअरिंगचं कर्ज थकलंय, बँकेचे फोन येतात, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. तुम्ही विचारताय की इथे अशी संस्था कुठली, त्यासाठी मुंबईत खोली घेऊन राहावं लागेल का, आणि अजून वकिलीची सनद नसलेल्या मुलीला या कामात करण्यासारखं असतं तरी काय.

मी या जिल्ह्यात एकोणीस वर्षं वकिली करते. पहिली चार वर्षं एका बँकेच्या पॅनेलवर होते, म्हणजे वसुलीचे दावे मीच टाकायचे. नंतर बाजू बदलली. दर मे महिन्यात एक-दोन विद्यार्थी माझ्याकडे असतात. त्यामुळे जे सांगते ते एका छोट्या ऑफिसातून दिसलेलं आहे. मुंबईतल्या मोठ्या फर्ममधला माणूस वेगळं सांगेल.

अमेरिकेतलं काम इथे जसंच्या तसं सापडणार नाही, त्याचं कारण समजून घ्या. तिथलं बहुतेक शैक्षणिक कर्ज केंद्र सरकारचं असतं. म्हणजे सावकार एकच, आणि एका दाव्याने लाखोंचा प्रश्न हलू शकतो. बॉस्टनचं नॅशनल कन्झ्युमर लॉ सेंटर किंवा हार्वर्डच्या विधी सेवा केंद्रात सुरू होऊन पुढे स्वतंत्र झालेला प्रोजेक्ट ऑन प्रिडेटरी स्टुडंट लेंडिंग यांच्यासारख्या संस्था त्यातूनच उभ्या राहिल्या. 'स्वीट विरुद्ध कार्डोना' या सामूहिक दाव्यातली तडजोड २०२२ मध्ये कोर्टाने मंजूर केली, तेव्हा सुमारे दोन लाख कर्जदारांच्या सुमारे सहा अब्ज डॉलर कर्जाचा निकाल एका झटक्यात लागला. आपल्याकडे सरकार व्याजाला अनुदान देतं, हमी निधी ठेवतं, पण कर्ज देते बँक. गुहागरच्या मुलाची शाखा वेगळी, देवगडच्या मुलीची वेगळी, मंजुरीपत्रातल्या अटी वेगळ्या. म्हणून इथलं काम एकेका फाईलचं, सुटंसुटं आहे. 'शैक्षणिक कर्जदार सहाय्य केंद्र' अशी पाटी मला तरी कोकणात कुठे दिसलेली नाही.

काम मात्र भरपूर आहे, आणि त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. पहिला दरवाजा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. तुमच्याकडे ते जिल्हा न्यायालयातच आहे, सिंधुदुर्गवाल्यांसाठी ओरोसला, रायगडवाल्यांसाठी अलिबागला. बँकांची दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीची, प्रकरणं लोकअदालतीत येतात ती त्यांच्याच मार्फत. दुसरा दरवाजा म्हणजे विधी सेवेच्या पॅनेलवरचा एखादा दिवाणी वकील. माझ्या मते दुसरा जास्त शिकवतो, कारण प्राधिकरणात तुम्हाला प्रकरणाचा एक दिवस दिसतो आणि वकिलाकडे त्याचं आयुष्य दिसतं. जमलं तर दोन्हींची सांगड घाला. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहेत, त्यामुळे वरच्या कोर्टाचा अनुभवही आता आंबा घाट चढला की मिळतो. पण या विषयासाठी तो पुढच्या वर्षी घ्या.

आता काय करायचं, ते.

कर्जदार येतो तेव्हा त्याला कायद्याचा प्रश्न पडलेला नसतो. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात मंजुरीपत्राची झेरॉक्स, दोन नोटिसा, फीच्या पावत्या, बारावीची मार्कशीट आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिकासुद्धा असते. माझ्याकडच्या इंटर्नचं पहिल्या आठवड्यातलं काम एवढंच, की त्या पिशवीतून तारखांचा तक्ता बनवायचा. मंजुरी कधी, रक्कम किती टप्प्यांत गेली, अभ्यासक्रम कधी संपला, पहिला हप्ता कधी देय झाला, शेवटचा पैसा कधी भरला, नोटीस कधी आली. ऐकायला कारकुनी वाटतं. पण आजवर जी प्रकरणं कर्जदाराच्या बाजूने वळली त्यातली बहुतेक या तक्त्यामुळे वळली, माझ्या युक्तिवादामुळे नव्हे.

तक्ता करतानाच कळतं की हे कर्ज नेमकं कसलं आहे. हे फार महत्त्वाचं. कोकणात मुलांच्या शिक्षणासाठी काढलेलं निम्मंअधिक कर्ज कागदावर शैक्षणिक नसतंच, असा माझा अनुभव. आईचे दागिने गहाण ठेवून सोनेतारण काढलेलं असतं, किंवा वडिलांनी पतसंस्थेतून जामीनकी कर्ज घेतलेलं असतं. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचे बँकांसाठीचे नियम लागत नाहीत. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला येतो, आणि त्याविरुद्ध फेरतपासणीला जायचं तर आधी पन्नास टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून पहिल्याच दिवशी 'एज्युकेशन लोन' हे शब्द ऐकून वहीत लिहू नका. मंजुरीपत्र बघून लिहा.

कर्ज खरोखर शैक्षणिक निघालं तर पुढचा कागद खात्याचं पूर्ण स्टेटमेंट, पहिल्या दिवसापासूनचं. बँक सहसा शेवटच्या वर्षाचं देते. लेखी अर्ज करून सगळं मागायचं. ते आलं की तीन गोष्टी बघायच्या.

बँक संघटनेच्या, म्हणजे आयबीएच्या, आदर्श योजनेनुसार शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात सरळ व्याज धरायचं असतं. कित्येक स्टेटमेंटांत ते दर महिन्याला मुद्दलात मिळवलेलं दिसतं. तो आकडा इंटर्नने एक्सेलमध्ये स्वतः काढून बघावा. दुसरं, दंड. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकानंतर थकबाकीवर दंडात्मक व्याज लावता येत नाही. दंड आकार लावता येतो, पण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हे २०२४ पासून लागू झालं, त्यामुळे नोंदीची तारीख बघूनच बोला.

तिसरी गोष्ट अनुदानाची, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मूल भारतातच व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रम करत असेल, तर सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं. पुढे त्यात संस्थेच्या मानांकनाची आणि साडेसात लाखांच्या कर्जमर्यादेची अट आली. पण दावा करायचा असतो बँकेने. विद्यार्थी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शाखेत देतो, शाखेने तो पुढे पाठवायचा. एका नर्सिंगच्या मुलीचं प्रकरण आठवतं. वडील ट्रॉलरवर खलाशी, आई मासळी विकणारी. माझ्याकडच्या इंटर्नने स्टेटमेंट वाचताना विचारलं, "मॅडम, पहिल्या वर्षी अनुदानाची जमा नोंद आहे, पुढच्या दोन वर्षी का नाही?" मी ते स्टेटमेंट दोनदा चाळलं होतं. माझ्या नजरेतून सुटलं होतं. मुलीने दाखला दिला होता, त्याच्या पोचेवर शाखेचा शिक्का होता, शाखेने दावाच पाठवला नव्हता. लेखी तक्रार गेल्यावर बँकेने तेवढं व्याज स्वतःकडून वजा केलं आणि उरलेल्या रकमेचे हप्ते त्या मुलीला पेलण्यासारखे झाले. ती पोच नसती तर आमच्या हातात काही नव्हतं. (आताच्या नव्या कर्जांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही बघावी लागते. तिचे निकष वेगळे आहेत, दोन्हींची गल्लत करू नका.)

तक्रारीचा विषय निघालाच आहे तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रारदाराच्या वतीने अधिकृत प्रतिनिधी उभा राहू शकतो. पण तो वकील असून चालत नाही, वकिलाची स्वतःचीच तक्रार असेल तेवढा अपवाद. म्हणजे काळा कोट घालून मी जे करू शकत नाही, ते सनद नसलेली तुम्ही कर्जदाराच्या लेखी अधिकारपत्रावर करू शकता. एरवी विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहता येत नाही, ॲडव्होकेट्स ॲक्टने ते दार बंद आहे. हे एक दार उलट्या बाजूने उघडतं. फी लागत नाही, ऑनलाइन होतं. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर योजनेत दिलेल्या मुदतीत लोकपालाकडे. अर्ज करायच्या दिवशी योजनेचा लागू असलेला मजकूर पुन्हा वाचायचा, हे बदलत असतं.

वसुली एजंटांचा त्रास असेल तर तोही याच मार्गाने जातो. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, नातेवाइकांना आणि मित्रांना छळायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. पण 'सारखे फोन येतात' ही तक्रार होत नाही. तारीख, वेळ, नंबर, काय बोलले, अशी पानभर नोंद झाली की होते. ती नोंद करून घेणं हे इंटर्नचं काम.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते. एका हुशार, मनाने फार चांगल्या मुलाला मी म्हटलं, कर्जदाराकडून बँकेला मुदतवाढीचं पत्र दे. त्याने सुंदर मराठीत पत्र लिहिलं, 'माझ्याकडील संपूर्ण थकबाकी मला मान्य असून ती मी दोन वर्षांत फेडण्याचे वचन देतो', खाली कर्जदाराची सही, आणि शाखेची पोचही घेऊन आला. तारखांचा तक्ता मी पत्रानंतर बघितला. विनातारण कर्ज, शेवटचा भरणा होऊन तीन वर्षं उलटली होती, बँकेने दावा केलेला नव्हता. मुदत कायद्याने दावा बाद होत होता. मुदत संपल्यावर नुसती कबुली दिली तर मेलेलं कर्ज जिवंत होत नाही. पण सहीनिशी लेखी वचन दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५(३) खाली तो नवा करार होतो. आम्हीच बँकेला दावा हातात नेऊन दिला. मुदत संपण्याआधी असं पत्र दिलं तर नुसती कबुलीसुद्धा पुरते, तीन वर्षं नव्याने सुरू होतात.

मी कुणाला कर्ज बुडवायला शिकवत नाही. त्या माणसाला फेडायचंच होतं, आणि मुदतबाह्य झालं म्हणून क्रेडिट रिपोर्टमधून ते पुसलं जातं असंही नाही. पण बँकेसमोर तडजोडीला बसताना त्याच्या हातात जो एक पत्ता होता, तो आमच्या पत्राने गेला. तेव्हापासून माझ्या ऑफिसात नियम आहे: पक्षकाराची सही असलेला एकही कागद मी वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. तुम्ही ज्यांच्याकडे जाल त्यांचा असा नियम नसला तर तुम्ही स्वतः पाळा.

तारण असेल तर प्रकरणाचा रंग वेगळा. सातबाऱ्यावरची जमीन शेतजमीन असेल तर सरफेसी कायदा, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा, तिला लागू होत नाही. पण नुसत्या सातबाऱ्यावरच्या शब्दाने भागत नाही. जमिनीचा प्रत्यक्ष वापर काय आहे हा पुराव्याचा प्रश्न आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. आपल्याकडे घर, मांगर आणि हापूसची कलमं एकाच गटात, वर सामाईक नावं पंधरा, त्यातली दहा मुंबईला. तेव्हा इंटर्नला तलाठ्याकडे पाठवून फेरफार, पीकपाहणीची नोंद, आणि कलमांचे तारखेसह फोटो एवढं गोळा करायला सांगते. पुढचं वकिलाचं. सरफेसीची नोटीस हातात आलेली दिसली तर मात्र त्याच दिवशी वकिलाला फोन, कारण तिथल्या मुदती साठ आणि पंचेचाळीस दिवसांच्या आहेत आणि त्या तुमच्या सुट्टीसाठी थांबत नाहीत.

लोकअदालतीबद्दल थोडंच. तिथला निवाडा डिक्रीसारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून आदल्या दिवशी कर्जदाराशी बसून एकच हिशोब करायचा: दर महिन्याला खरोखर किती जमेल? बापाची बोट असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही. बागायतदार असेल तर पैसा मेअखेरीला हातात येतो. बँकेच्या अधिकाऱ्याला हे समजावून हप्त्यांच्या तारखा तशा लावून घेता येतात, आणि बहुतेक अधिकारी ऐकतात, कारण त्यांनाही तुटलेली तडजोड नको असते. आणि एकरकमी सवलतीत कर्ज मिटवलं तर क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा येतो, पूर्ण भरल्यावर 'क्लोज्ड'. पुढे घरकर्ज काढायचंय त्या मुलाला हा फरक सही करण्याआधी कळला पाहिजे.

आणखी एक, जे पुष्कळ वकिलांच्याही लक्षात येत नाही: विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. सहकर्जदार म्हणून आईचं नाव असेल तर तिचा अर्ज आधी करा.

तुमच्या भावाच्या कर्जाबद्दल. लोकपालाकडे तुम्ही त्याची प्रतिनिधी होऊ शकता, बहीण म्हणून जरूर व्हा. पण इंटर्नशिपच्या फायलींत ते आणू नका, आणि स्टेटमेंट दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. घरच्या कागदात आपल्याला हवं तेच दिसतं. तसंच आपल्या वाडीतली फाईल घेऊ नका. इथे शाखेतला शिपाई कुणाचा तरी मामा असतो, आणि 'अमक्याच्या मुलाचं लोन थकलंय' ही बातमी संध्याकाळच्या एसटीने तुमच्या आधी गावात पोचते. कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर, मैत्रिणीलासुद्धा, पाठवायचे नाहीत.

वेळेचं गणित जरा अडचणीचं आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे इंटर्नशिप हवी, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, आणि बँकेला उत्तराला तीस. म्हणजे पहिल्या दिवशी तक्रार दिली तरी तिचा निकाल बघायला तुम्ही ऑफिसात नसता. माझ्याकडे म्हणून असं ठरलंय की पहिल्या तीन दिवसांत निदान एक तक्रार बँकेत गेलीच पाहिजे, आणि मे संपल्यावर विद्यार्थी शनिवारी येतो, प्रमाणपत्राच्या हिशोबाबाहेर. गणपतीत तर यायलाच सांगते. कर्ज ज्याच्या नावावर आहे तो मुलगा मुंबई-पुण्यात नोकरीला असतो, तो गावात सापडतो त्याच आठ दिवसांत. मे महिन्यात आईबापाने सांगितलेली हकीकत आणि गणपतीत मुलाने सांगितलेली हकीकत कितीदा जुळत नाही.

पैशांचं विचारलं नाहीत, पण सांगते. मी जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण देते, मानधन देत नाही. प्राधिकरणात तेही मिळेल असं धरून चालू नका. पुण्या-मुंबईत राहण्याचा खर्च करून असं बिनपगारी काम करण्यापेक्षा घरून डबा घेऊन केलेलं बरं, हे माझं मत.

अर्ज मार्चमध्येच द्या, कॉलेजचं पत्र जोडून, प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे. विषयाच्या ओळीत 'इंटर्नशिपबाबत' एवढंच लिहू नका. 'शैक्षणिक कर्जाची दाखलपूर्व प्रकरणे' हे शब्द घाला आणि पॅनेलवरच्या दिवाणी वकिलासोबत ठेवण्याची विनंती करा. नाहीतर महिनाभर तुम्हाला शिबिरांचे फोटो काढायला आणि फायलींना दोरे बांधायला बसवतील.